गॉगल काळा, पण किती काळा?

आपल्या हॉस्टेलमध्ये माणशी एक बादली असेल-नसेल, पण माणशी एक गॉगल मात्र नक्की आहे. बादली शेजारच्या रूममधून मागून आणता येते, गॉगल कोणी देत नाही. बसस्टँडबाहेर फळीवर मांडलेला असतो, दोनशे सांगतात, घासाघीस केली की शंभर-सव्वाशेला पडतो. आणि निवडायची पद्धत सगळ्यांची एकच. डोळ्याला लावायचा, सूर्याकडे बघायचं, 'जाम काळा आहे रे' म्हणायचं आणि पैसे द्यायचे. काच जितकी काळी तितका गॉगल भारी आणि तितके आपले डोळे सुरक्षित, असं आपण सगळे धरून चालतो. मीही चालत होतो. हा लेख त्या समजुतीबद्दल आहे, आणि आधीच कबूल करतो की तो मी शहाणपणाने लिहीत नाहीये, चूक केल्यावर लिहितोय.

झालं असं. गेल्या वर्षी आमच्या ब्रँचच्या पोरांनी स्पर्धेसाठी गाडी बनवायला घेतली होती. पाइप वाकवून पिंजरा उभा करायचा होता. वेल्डिंग करायला वर्कशॉपचे मामा होते आणि पाइप धरायला आम्ही. मामांच्या हातात हँडशील्ड. दुसरं एक शील्ड होतं, त्याची काच तडकलेली. माझा रूम पार्टनर पाइप धरायला उभा राहिला आणि म्हणाला, "अरे, डोळ्यावर काय घेऊ?" मी, म्हणजे फिजिक्सच्या ओरलला पैकीच्या पैकी मार्क मिळवलेला माणूस, ऐटीत म्हणालो, "तुझा गॉगल आहे ना? घाल की. टॅक तर मारायचेत. एका टॅकला एक सेकंद लागतो."

त्याने गॉगल घातला. संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर टॅक मारून झाले. जेवलो, झोपलो. रात्री दीड वाजता हा उठून बसला. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतंय म्हणाला, पाणी थांबेना, ट्यूब लावली तर ओरडला. डोळे उघडताच येत नव्हते. वॉर्डन सरांना उठवलं, रिक्षा मिळवली, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वेल्डिंग बघितलंस का?" बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, वरवर भाजला होता. उन्हाने कातडी भाजते तसाच. त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी सुरू होतो, म्हणून काम करताना कळत नाही. औषध घालून दोन दिवसांत बरा झाला, पण ते दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मी मेसमधून त्याचा डबा आणत होतो. डबा उघडताना तो एवढंच म्हणाला, "तू म्हणालास म्हणून घातला रे."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मग मी ठरवलं की हा गॉगल नक्की काय करतो ते एकदा नीट बघायचंच.

आता फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी कलरीमीटरवर रंगीत द्रावणं ठेवून रीडिंग घेतली आहेत. (बऱ्याच जणांनी शेजाऱ्याची घेतली आहेत, तो भाग वेगळा.) त्याला लॅम्बर्ट-बिअरचा नियम म्हणतात, हेही सगळ्यांनी ओरलला सांगितलंय. मूळ कल्पना फ्रान्सच्या बुगेर यांची, १७२९ सालची. लॅम्बर्टने ती १७६० मध्ये नीट मांडली आणि बिअरने १८५२ मध्ये द्रावणातल्या रंगाच्या तीव्रतेशी जोडली. सोप्या भाषेत नियम असा की, रंगीत पदार्थाचा प्रत्येक सारखा थर आपल्याकडे आलेल्या प्रकाशाचा सारखाच हिस्सा खातो. पहिल्या थराने अर्धा खाल्ला तर दुसरा उरलेल्याचा अर्धा खातो. म्हणजे प्रकाश वजाबाकीने कमी होत नाही, गुणाकाराने कमी होतो.

गॉगलची काच म्हणजे हेच कलरीमीटरमधलं द्रावण, फक्त घट्ट झालेलं. काचेच्या भिंगात धातूंची ऑक्साइडं मिसळून रंग आणतात. प्लास्टिकच्या भिंगाला बऱ्याचदा गरम रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवतात. जास्त वेळ बुडवलं तर जास्त काळं. वर काळे आणि खाली फिके होत जाणारे गॉगल आपण बघतो, ते भिंग हळूहळू बाहेर ओढून बनवतात. इतकी साधी गोष्ट आहे. प्रकाश आत शिरतो, रंगाचे रेणू काही फोटॉन गिळतात, त्यांची थोडीशी उष्णता होते आणि उरलेले फोटॉन डोळ्यापर्यंत पोचतात.

इथे एक मुद्दा मला स्वतःला उशिरा कळला. गॉगल प्रत्येक फोटॉनला अशक्त करत नाही, फक्त फोटॉनांची संख्या कमी करतो. मेसमध्ये काटकसर सुरू झाली की चपाती लहान होत नाही, पण चारच्या जागी दोन मिळतात, तसं. जो फोटॉन आरपार आला तो पूर्ण ताकदीनिशी आला. म्हणून प्रश्न 'काच काळी आहे का' हा नाही. कोणत्या जातीचे फोटॉन किती आले, हा प्रश्न आहे.

आम्ही इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून लक्समीटर मागून आणला. (सरांनी सही घेऊन दिला, त्यांचे आभार.) दुपारी बारा वाजता गच्चीवर गेलो. सरळ उन्हात मीटर एक लाख लक्सच्या आसपास दाखवत होता. सेन्सरवर पार्टनरचा गॉगल ठेवला तर पंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे हा 'जाम काळा' गॉगल शंभरातले पंधरा भाग प्रकाश आत सोडत होता. मग खाली रूममध्ये येऊन ट्यूबखाली टेबलावर मोजलं, तर जेमतेम दोनशे लक्स. गंमत बघा. गॉगल लावून उन्हात उभं राहिलं तरी डोळ्यावर रूममधल्या उजेडाच्या पंचाहत्तर पट उजेड येतोच आहे! पण आपल्याला तसं वाटत नाही, कारण डोळा हा मीटर नाही. तो प्रकाश लॉगच्या हिशोबाने मोजतो आणि वर बाहुली लहान-मोठी करत राहतो. त्यामुळे डोळ्याला लावून 'बरं वाटलं' हे मोजमाप होऊ शकत नाही. ज्या यंत्राला फसवता येतं, त्याच यंत्राने आपण गॉगल पारखतो.

मग दोन गॉगल एकावर एक ठेवले. पंधरा टक्क्यांचे पंधरा टक्के म्हणजे सव्वादोन टक्के. मीटरही साधारण तेच सांगत होता. तिसरा ठेवला तर हिशोबाने ०.३४ टक्के. नियम कागदावरून उठून समोर आला होता आणि खरं सांगतो, कलरीमीटरवर तो मला इतका पटला नव्हता.

आता वेल्डिंगच्या काचेकडे येऊ. शील्डमधल्या काचेवर नंबर असतो, ९, १०, ११ असा. तो नंबर कुठून येतो हे आम्हाला वर्कशॉपमध्ये कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सूत्र असं आहे. काचेतून जो अंश आरपार जातो त्याचा व्यस्त घ्यायचा, त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा, त्याला सातने गुणून तीनने भागायचं आणि एक मिळवायचा. पार्टनरच्या गॉगलचं गणित केलं तर उत्तर आलं २.९. म्हणजे आमचा जाम काळा गॉगल ही ३ नंबरची काच सुद्धा धडपणे नाही! आर्क वेल्डिंगला साधारण १० किंवा ११ नंबर लावतात, करंट जास्त तर नंबर जास्त. १० नंबरची काच किती प्रकाश सोडते? ०.०१४ टक्के. साधारण सात हजारांत एक भाग. म्हणजे मी मित्राला जे 'संरक्षण' दिलं, त्यातून जायला हवा त्याच्या हजारपट उजेड जात होता. १० नंबरची बरोबरी करायला त्याला एकावर एक पाच गॉगल घालावे लागले असते.

आणि पाच घातले असते तरीही भरवसा नव्हता, ही पुढची गोष्ट. कारण आतापर्यंतचा सगळा हिशोब दिसणाऱ्या प्रकाशाचा आहे. आर्कमधून अतिनील किरणं निघतात, कॉर्निया त्यांनीच भाजतो. ती आपल्या डोळ्याला दिसत नाहीत आणि आमच्या लक्समीटरलाही दिसत नाहीत. काळा रंग दिसणाऱ्या प्रकाशाचे फोटॉन गिळतो. अतिनीलचे गिळेल की नाही, हे त्या भिंगाच्या पदार्थावर आणि त्यात काय मिसळलंय त्यावर ठरतं. वेल्डिंगच्या काचेत नंबराबरोबर अतिनील आणि अवरक्त किरणं अडवण्याची अटही असते. फळीवरच्या गॉगलला अशी अट घालणारं कोणी नसतं. शिवाय तो बाजूने उघडा. आर्कचा उजेड समोरून येतो तसा भिंतीवरून, पत्र्यावरून उलटूनही येतो आणि कानाच्या बाजूने डोळ्यात शिरतो. आणि 'एका टॅकला एक सेकंद' हे माझं लाडकं वाक्य तर साफ खोटं. अतिनीलचा मार साठत जातो. सत्तर टॅक म्हणजे सत्तर सेकंद, मध्ये कितीही वेळ पाइप जुळवण्यात गेला तरी.

इथे दुसऱ्या टोकाला जायचीही गरज नाही, म्हणून हेही लिहितो. 'स्वस्त गॉगल लावला की मोतीबिंदू होतो' अशी भीती घालणारे लोक आहेत. त्यांच्या म्हणण्यात तर्क आहे. काळ्या काचेआड बाहुली मोठी होते. तिचा व्यास दोन मिलिमीटरचा चार झाला तर दार चौपट उघडलं. अशा वेळी भिंग अतिनील अडवत नसेल तर तो जास्त आत जाणार. पण 'नसेल तर' हा शब्द महत्त्वाचा आहे. पॉलिकार्बोनेटचं भिंग रंग नसतानाही बहुतेक अतिनील अडवतं. साध्या काचेतून यूव्ही-बी फारसा जात नाही पण यूव्ही-ए बराच जातो. म्हणजे शंभर रुपयांचा गॉगल चांगला निघू शकतो आणि महागडा, काळाकुट्ट गॉगल फसवा निघू शकतो. काळेपणा ही एक गोष्ट, अतिनील अडवणं ही दुसरी. दोन्हींचं खातं वेगळं. पूर्ण बिनरंगी चष्मासुद्धा अतिनील अडवू शकतो. 'यूव्ही ४००' असा स्टिकर असतो त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतची किरणं अडवली जातात. स्टिकर कोणीही चिकटवतो, म्हणून चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत एक छोटं मशीन असतं त्यावर तपासून घ्यावं. फुकट बघून देतात, नुसतं विचारायची लाज सोडायची.

काळेपणाच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. आयएसओच्या १२३१२-१ या मानकात गॉगलचे शून्य ते चार असे पाच गट आहेत. शून्य गट ८० टक्क्यांच्या वर प्रकाश सोडतो, पहिला ४३ ते ८०, दुसरा १८ ते ४३, तिसरा ८ ते १८ आणि चौथा ३ ते ८. आपले बहुतेक उन्हाचे गॉगल तिसऱ्या गटात बसतील. चौथा गट बर्फाळ डोंगरासारख्या झगझगीत ठिकाणासाठी, तो घालून दिवसासुद्धा गाडी चालवायची नाही असं मानकच सांगतं. आणि संध्याकाळनंतर गाडी चालवताना ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी काच नको. आता आपण काय करतो? सिनेमाचा नऊचा शो सुटल्यावर हायवेवरून बाइकवर येताना धूळ आणि किडे डोळ्यात जाऊ नयेत म्हणून तोच काळा गॉगल लावतो. हायवेवर आधीच अंधार, त्यातले पंच्याऐंशी टक्के आपण फेकून देतो आणि उरलेल्या पंधरात खड्डा, म्हैस आणि बिनलाइटचा ट्रॅक्टर शोधत बसतो. धूळ अडवायला बिनरंगी चष्मा पुरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, दिसायला 'हिरो' नसतो एवढंच.

ग्रहणाचंही असंच. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं तेव्हा मी दहावीत होतो. आमच्या गच्चीवर चुलतभाऊ दोन गॉगल एकावर एक लावून सूर्याकडे बघत होता आणि मी त्याच्या डोक्यालिटीवर खूश होतो. आता हिशोब करा. दोन गॉगल सव्वादोन टक्के सोडतात. ग्रहण बघायच्या चष्म्याने ०.००३२ टक्क्यांहून जास्त प्रकाश सोडता कामा नये. सातशेपट फरक आहे! आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला, रेटिनाला, दुखत नाही. तो भाजला तर आरडाओरडा करत नाही. आई ओरडली म्हणून भाऊ खाली आला, त्याला काही झालं नाही. पण तो वाचला तो आईमुळे, गॉगलमुळे नाही.

तर आता मुद्द्याचं. हा लेख मॅगझिनमध्ये देण्याआधी मी वर्कशॉपच्या मामांना वाचून दाखवला. ते हसले. म्हणाले, "आम्ही पोरगेले होतो तेव्हा शील्ड कुठलं? असंच करायचो. रात्री डोळ्यात कांदा पिळल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची सोडा हे काम." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या दोस्ताला मीच हाकलायला पायजे होतं तिथनं." मला फार लाज वाटली. चूक माझी आणि मनाला लावून घेत होते ते.

आपल्याकडे 'आम्ही इतकी वर्षं असंच केलं, काय झालं?' हा युक्तिवाद फार चालतो. स्टाफमधल्या ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, काय झालं ते मामांसारख्यांना कोणी विचारलंच नाही. ज्याच्या हातात होल्डर असतो त्याच्या तोंडावर निदान शील्ड असतं. पाइप धरणारा, शेजारी उभा राहून बघणारा, फोटो काढणारा, यांच्या डोळ्यांचं काय? सबमिशनच्या जॉबच्या वेळी वीस जणांची बॅच आर्कभोवती गोल करून उभी असते. बहुतेक जण तोंड फिरवतात, काही जण बोटांच्या फटीतून बघतात, आणि दोन-तीन हुशार गॉगल लावतात. हेच हुशार सगळ्यात जास्त धोक्यात, कारण आपण सुरक्षित आहोत असं वाटून तेच टक लावून बघतात. काहीच न लावलेला माणूस निदान तोंड तरी फिरवतो!

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. पहिलं, आर्क चालू असताना त्या जागेत जितकी माणसं तितकी शील्ड असावीत. शील्ड कमी असतील तर माणसं कमी करावीत. स्पर्धेच्या गाडीवर आपण स्टिकर आणि टी-शर्टसाठी वर्गणी काढतो, त्यात एकदा शील्डचं नाव घालू. तडकलेली काच त्याच दिवशी बदलावी. दुसरं, फर्स्ट इयरच्या वर्कशॉपच्या पहिल्या टर्नला लक्समीटर, दोन गॉगल आणि वेल्डिंगची एक काच उन्हात ठेवून दाखवावी. अर्धा तास लागेल. लॅम्बर्ट-बिअरचा नियम जन्मभर लक्षात राहील आणि पुढे एखाद्याचे डोळेही वाचतील. तिसरं आपल्या पब्लिकसाठी, आणि ते फुकट आहे. गॉगल उन्हासाठी आहे. आर्कसाठी नाही, ग्रहणासाठी नाही, रात्रीच्या बाइकसाठी तर नाहीच.

मला गॉगलशी वैर नाही. एप्रिलच्या दुपारी परीक्षेला जाताना डोळ्याला गारवा वाटतो तो खरा आहे. आणि फोटोत बरं दिसतं हेही खरं आहे, नाहीतर या अंकातले अर्धे ग्रुप फोटो छापताच आले नसते. पण मला ओरलला मार्क मिळाले म्हणून मित्राने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी मात्र शिकलेल्या गोष्टीचा एकदाही हिशोब न करता 'चालतंय की' म्हणालो. इंजिनिअर म्हणून पुढे आपण कुणाला तरी सांगणारच आहोत, 'घाल, पुरेल' किंवा 'उभा राहा, काही होत नाही'. समोरचा माणूस मामांसारखा असेल, तो आपल्या डिग्रीकडे बघून ऐकेल. तेव्हा तोंड उघडायच्या आधी एक लॉग काढायला काय हरकत आहे?

पार्टनरचे डोळे आता ठणठणीत आहेत. तो गॉगल त्याने मला देऊन टाकलाय, "ठेव तुझ्याकडे" म्हणून. तो माझ्या टेबलावर असतो. उन्हात जाताना मी वापरतोही. चष्म्याच्या दुकानात तपासून घेतला, यूव्हीला पास झाला! सव्वाशे रुपयांचा माल चांगला निघाला. खोट त्याच्यात नव्हती, आम्ही तो कुठे वापरला त्यात होती.